डोळ्यांखालची सैल कातडी : ऑपरेशन करावं, की बिनऑपरेशनचा इलाज?

आमच्या थोरल्या आपांचं वय ५२. मुलीच्या निकाहचे फोटो आले आणि त्यांनी अल्बम दोन पानं बघून मिटून ठेवला. "सगळ्या फोटोंत मी रडून आल्यासारखी दिसते," असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांखाली पिशव्या आणि त्यांच्या खाली सैल पडलेली कातडी. मग घरात मशवरे सुरू झाले. कुणी काकडी सांगितली, कुणी बदामाचं तेल, भाचीने मोबाईलवर एक क्रीम दाखवलं. शेवटी पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, "एक इंजेक्शन घ्या, दहा मिनिटांचं काम आहे." आपा तयारही झाल्या होत्या. आम्ही म्हटलं, डोळ्याच्या इतक्या जवळ सुई जाणार, तर आधी डॉक्टरला दाखवू.

त्या निमित्ताने जे विचारलं, वाचलं आणि समजून घेतलं, ते इथे एका जागी मांडत आहोत. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. म्हणून हा लेख वाचून इलाज ठरवू नका. डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं, ते यावरून ठरवा.

थोडक्यात सांगायचं तर

"ऑपरेशन चांगलं की इंजेक्शन?" हा प्रश्न आपण सगळे आधी विचारतो. खरं तर त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो : डोळ्यांखाली नेमकं काय झालं आहे? कातडी सैल झाली, चरबी पुढे आली, खड्डा पडला, रंग काळवंडला, की सूज आहे? या पाच गोष्टी लांबून सारख्याच दिसतात, पण प्रत्येकीचा इलाज वेगळा. जास्तीची कातडी कोणतंही क्रीम किंवा इंजेक्शन काढू शकत नाही. ती ऑपरेशननेच निघते. आणि जिथे कातडी जास्त नाहीच, तिथे ती कापणं म्हणजे नुकसान.

डोळ्यांखाली काय असतं?

पापणीची कातडी सगळ्या शरीरात सर्वांत पातळ असते. तिच्या खाली डोळा मिटणारा गोल स्नायू असतो. स्नायूच्या मागे एक पातळ पडदा आणि पडद्यामागे चरबीचे लहान गोळे. खालच्या पापणीत असे तीन गोळे असतात. ही चरबी लठ्ठपणाची नव्हे, डोळ्याला गादीसारखा आधार देणारी आहे. म्हणूनच बारीक माणसालाही पिशव्या येतात आणि वजन कमी केलं तरी त्या जात नाहीत.

वय वाढतं तसा पडदा ढिला होतो आणि चरबी पुढे येते. कातडीतली लवचीकपणा देणारी द्रव्ये कमी होतात. गालाचं हाड थोडं झिजतं आणि गालाचं मांस थोडं खाली सरकतं, त्यामुळे पिशवीखाली खड्डा दिसतो. ऊन, सिगारेट, तंबाखूचा धूर, अॅलर्जीमुळे सतत डोळे चोळणं, यांनी हे लवकर होतं. काही घराण्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या असतं. अम्मींना होतं, खालांना होतं, आता आपल्याला आहे. अशा वेळी तिशीतही पिशव्या दिसतात.

घरच्या घरी अंदाज कसा घ्यावा?

खिडकीजवळ आरसा धरून बसा आणि या पाच गोष्टी बघा.

१. मान न हलवता नजर वर करा. फुगवटा जास्त ठळक झाला तर बहुधा चरबी पुढे आलेली आहे.

२. समोरून उजेड घ्या. वरच्या दिव्याखाली दिसणारा काळेपणा समोरच्या उजेडात गेला, तर ती खड्ड्याची सावली आहे, रंग नव्हे.

३. कातडी बोटाने हलकेच बाजूला ताणा. काळेपणा तसाच राहिला तर रंगद्रव्याचा भाग जास्त.

४. कातडीची चिमूट अगदी हळू धरून सोडा. घडी लगेच गेली तर लवचीकपणा आहे. घडी रेंगाळली तर कातडी सैल झाली आहे.

५. सकाळी आणि संध्याकाळी असे दोन फोटो काढा. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल तर पाण्याची सूज हे कारण असू शकतं.

रमजानमध्ये हा अंदाज घेऊ नका. सहरीसाठी मोडलेली झोप आणि इफ्तारला भजी, फरसाण, पापड यांचं मीठ, यांनी कुणाचेही डोळे सुजतात. ईदनंतर झोप आणि जेवण रुळावर आल्यावर बघा.

सौंदर्याचा प्रश्न समजण्याआधी आजार तपासा

डोळ्यांभोवतीची सूज कधीकधी शरीराने दिलेली खबर असते. किडनीच्या आजारात लघवीतून प्रोटीन जातं आणि सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसतात. थायरॉइड कमी झाल्यावर चेहरा आणि पापण्या फुगतात. थायरॉइडच्याच एका प्रकारात डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. अॅलर्जी, सायनस, काही औषधं हीही कारणं असतात. सूज अचानक आली, एकाच डोळ्याला आली, दुखत असेल, लाली असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर ब्युटी क्लिनिकचा विचारही नको, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आमच्या आपांच्या बाबतीत हेच निघालं. डॉक्टरांनी डोळे बघितले, मग थकवा, वजन, बद्धकोष्ठता याबद्दल विचारलं आणि रक्ताची तपासणी सांगितली. थायरॉइड निघाला. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत सूज बरीच उतरली. पार्लरमध्ये इंजेक्शन घेतलं असतं तर पैसे गेलेच असते, आणि आजार तसाच आत राहिला असता.

गोरेपणाच्या क्रीमबद्दलही इथेच सांगतो. बाजारात बिनलेबलची क्रीमं मिळतात, त्यांत स्टिरॉइड किंवा पारा असू शकतो. स्टिरॉइडने आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्याजवळ फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. पारा किडनीला इजा करतो. म्हणजे डोळे सुंदर करायला गेलो आणि सूज विकत घेतली. सुरम्याचंही तसंच. काही सुरम्यांत शिसं असतं, म्हणून कुठूनही आणलेला सुरमा, तोही लहान मुलांना, लावू नये.

बिनऑपरेशनचे इलाज : कशाने काय होतं?

*क्रीम.* सनस्क्रीन आणि गॉगल यांनी पुढचं नुकसान थांबतं, म्हणून ते सगळ्यांनाच उपयोगी. रेटिनॉलसारखी क्रीमं बारीक सुरकुत्यांवर काही महिन्यांत थोडा फरक करतात. पण डोळ्याजवळ ती जळजळ करतात, आणि गरोदरपणात वापरू नयेत. कॅफिनचं क्रीम, थंड चमचा, काकडी यांनी काही तासांपुरती सूज उतरते. पिशवी किंवा लोंबती कातडी यांतल्या कशानेच जात नाही.

*फिलर.* हायल्युरॉनिक अॅसिडची जेल खड्ड्यात भरतात. म्हणजे हा खड्ड्याचा इलाज आहे, सैल कातडीचा नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी अशा फिलरला पहिली मान्यता दिली ती २०२२ मध्ये. परिणाम साधारण वर्षभर, काहींच्यात जास्त टिकतो. पसंत न पडल्यास ही जेल विरघळवणारं इंजेक्शन असतं, ही जमेची बाजू. मोठी पिशवी किंवा खूप सैल कातडी असेल तर फिलरने ती जागा उलट जास्त फुगीर दिसते. जेल वरच्या थरात गेली तर निळसर झाक येते. आणि क्वचित का होईना, जेल रक्तवाहिनीत शिरली तर नजर कायमची जाऊ शकते. इंजेक्शननंतर अचानक जोराचं दुखणं, कातडी पांढरी पडणं, अंधुक दिसणं, यांत एक मिनिटही घालवायचं नसतं. हे ओळखून तिथल्या तिथे इलाज करणारा डॉक्टर हजर असला पाहिजे. पार्लरमध्ये तो नसतो.

*बोटॉक्स.* डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर हसताना पडणाऱ्या रेषांसाठी. त्या रेषांसाठी एफडीएची मान्यता २०१३ ची. परिणाम ३ ते ४ महिने. पापणीखालची कातडी सैल असताना तिथे बोटॉक्स दिलं तर स्नायूचा आधार जातो आणि ती आणखी लोंबू शकते.

*लेझर.* कार्बन डायऑक्साइड किंवा एर्बियम लेझर कातडीला नेमकी गरम जखम करतो. ती भरताना कातडी थोडी आक्रसते. बारीक सुरकुत्या आणि थोडी सैल कातडी यांच्यासाठी बिनऑपरेशनच्या इलाजांत हाच जास्त असरदार. पण आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो. म्हणून हलकी सेटिंग, जास्त बैठका आणि उन्हापासून कडक जपणूक लागते. डोळ्यावर संरक्षक कवच घातल्याशिवाय पापणीवर लेझर करू देऊ नका.

*रेडिओफ्रिक्वेन्सी आणि बारीक सुया.* उष्णतेने आतली कातडी थोडी घट्ट होते. बैठका ३-४ लागतात, फरक हळूहळू आणि माफक येतो. डाग पडण्याचा धोका लेझरपेक्षा कमी.

*पीआरपी.* आपलंच रक्त काढून, त्यातला काही भाग वेगळा करून परत टोचतात. सैल कातडीवर याचा पुरावा कच्चा आहे. आणि स्वच्छता पाळली नाही तर काय होतं, तेही लक्षात ठेवा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका बिनपरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर असा प्रकार करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं.

ऑपरेशन म्हणजे काय?

पापणीच्या ऑपरेशनला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. हे नाव जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये वापरलं. पण पापणीवरचे इलाज त्याहून फार जुने आहेत. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधल्या अल-जहरावी यांनी आपल्या 'अल-तसरीफ' या ग्रंथात पापण्यांच्या शस्त्रक्रिया लिहून ठेवल्या. म्हणजे ही फिल्मी लोकांनी काढलेली फॅशन नव्हे.

खालच्या पापणीच्या ऑपरेशनचे मुख्य दोन रस्ते आहेत.

*आतून.* पापणी उलटून आतल्या ओल्या बाजूने छेद देतात. बाहेर खूण राहत नाही. चरबी थोडी काढतात किंवा खालच्या खड्ड्यात सरकवून बसवतात. कातडी चांगली आहे आणि फक्त पिशवी आहे, अशांना हा रस्ता. याने कातडी कमी होत नाही.

*बाहेरून.* खालच्या पापणीच्या केसांच्या अगदी खाली छेद. चरबीबरोबर जास्तीची कातडीही काढता येते. सैल कातडीसाठी हाच रस्ता. पापणी ढिली असेल तर बाहेरच्या कोपऱ्याला टाका घालून आधार देतात. खूण सहसा बारीक रेषेत मिसळून जाते.

ऑपरेशन साधारण एक ते दोन तासांचं. जागा बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन करतात. बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात. निळेपणा आणि सूज एक ते दोन आठवडे राहते. बाहेरचे टाके आठवड्याच्या आसपास काढतात. खरा चेहरा समोर यायला काही महिने जातात. फायदा मात्र अनेक वर्षं टिकतो, कारण काढलेली कातडी आणि चरबी काढलेलीच राहते. वय पुढे जातंच, ते कोणी थांबवत नाही.

धोके नीट ऐका. डोळे कोरडे पडणं, दोन बाजूंत फरक, खूण. कातडी जास्त काढली गेली तर खालची पापणी खाली ओढली जाते किंवा बाहेर वळते, डोळा पूर्ण मिटत नाही, सतत पाणी येतं. हे दुरुस्त करायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. म्हणून "भरपूर काढा, पैसे वसूल होऊ दे" हा विचार इथे घातक आहे. फारच क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. ऑपरेशननंतर जोराचं दुखणं, डोळा पुढे येणं, दिसायला कमी होणं, असं काही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

डायबेटिस, बीपी, थायरॉइड, कोरडे डोळे, पूर्वी चष्म्याचा नंबर काढण्यासाठी केलेलं ऑपरेशन, सगळं सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, युनानी किंवा आयुर्वेदिक औषधं, तेल-कॅप्सूल, काहीही लपवू नका. अॅस्पिरिनसारखी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हृदयासाठी असेल तर ज्या डॉक्टरने दिली त्यालाच विचारा. सिगारेट आणि तंबाखू आधीच सोडा, जखम भरायला त्यांचा अडथळा होतो.

आपल्या घरांत पडणारे प्रश्न

ऑपरेशननंतर काही दिवस खाली वाकणं आणि जड उचलणं मना असतं, कारण डोक्याकडे दाब वाढला की रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे रुकू आणि सजद्याचा प्रश्न येतो. जखमेवर पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणजे वुजूचा प्रश्न येतो. थेंब आणि गोळ्या दिवसातून अनेकदा, म्हणजे रोज्याचा प्रश्न येतो. डॉक्टरला आधीच विचारा की वाकणं किती दिवस बंद, पाणी किती दिवस बंद. तो आकडा घेऊन आपल्या आलिमांकडून नमाज आणि वुजूची तरतूद समजून घ्या. शक्य असेल तर तारीखच रमजान सोडून घ्या. इलाज तकलीफ दूर करायला आहे की फक्त दिसण्यासाठी, हेही आलिमांना खरं सांगूनच मसला विचारा. घरातल्या लग्नाच्या आधी निदान दोन-तीन महिने हातात नसतील, तर लग्न होऊन जाऊ द्या. सुरमा, काजळ आणि लेन्स डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

कुणाला काय जुळतं?

- फक्त सकाळची सूज : आधी तपासणी, मग मीठ, झोप आणि अॅलर्जीचा इलाज.
- फक्त काळेपणा : त्वचारोगतज्ज्ञ, सनस्क्रीन, डॉक्टरने दिलेलं क्रीम. ऑपरेशनचा उपयोग नाही.
- फक्त खड्डा, कातडी घट्ट : फिलर, तेही जाणकार डॉक्टरकडून.
- बारीक सुरकुत्या, किंचित सैलपणा : लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी.
- पिशवी, कातडी चांगली : आतून ऑपरेशन.
- पिशवी आणि लोंबती कातडी : बाहेरून ऑपरेशन. इथे बिनऑपरेशनवर पैसे घालणं बहुतेक वाया.
- गालाच्या हाडावर आलेली सुजेची घडी : ही वेगळी गोष्ट आहे, नेहमीच्या पापणीच्या ऑपरेशनने ती जात नाही.

खर्चाचा हिशोब

एका वेळचा दर बघून फसू नका. पाच वर्षांचा हिशोब मांडा. फिलर वर्षाला एकदा धरलं तर पाच वर्षांत पाच वेळा. बोटॉक्स चार महिन्यांनी धरलं तर पंधरा वेळा. ऑपरेशन बहुतेकांना एकदाच, पण त्यात भूल, हॉस्पिटल, औषधं, कामावरची सुट्टी, सगळं धरा. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही आणि त्यावर जीएसटीही लागतो. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल तर विम्याचा नियम वेगळा आहे. वरची पापणी लोंबून नजरच झाकत असेल तर तोही वैद्यकीय प्रश्न असू शकतो. नजरेच्या तपासणीचे कागद जपून ठेवा आणि कंपनीला आधी लेखी विचारा. आणि या कामासाठी कर्ज काढू नका. मुलांच्या फीपेक्षा पापणी मोठी नाही.

कुणाकडे जावं, काय विचारावं?

ऑपरेशनसाठी एमसीएच झालेले प्लास्टिक सर्जन, किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ. लेझर आणि इंजेक्शनसाठी त्वचारोगतज्ज्ञही. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, हे बघता येतं. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" अशी पाटी म्हणजे डॉक्टरची डिग्री नव्हे.

मग हे विचारा : माझ्या डोळ्यांखाली नेमकं काय आहे? तुम्ही कातडी काढणार की चरबी, आणि का? अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः नेहमी करता का? माझ्या वयाच्या, माझ्या रंगाच्या पेशंटचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवाल का? काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा? दुरुस्तीचा खर्च कुणाचा? आणि मी काहीच केलं नाही तर काय होईल?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" असं असतं. सैल कातडी हा आजार नाही. म्हणून घाई कशाचीच नाही. "आजच बुक करा, सवलत आज रात्रीपर्यंत" असं जिथे म्हणतात तिथून उठून या. दोन डॉक्टरांचं मत घ्या. शहाण्या मुलीला "तुझे डोळे थकलेले दिसतात, स्थळ येईल कसं" म्हणून क्लिनिकमध्ये ओढत नेणाऱ्या आई-वडिलांनाही आमची हीच विनंती आहे. कापायचं तिच्या पापणीला आहे, तर हो किंवा नाही तिनेच म्हणावं.

आपांची सूज उतरल्यावर थोडी पिशवी आणि थोडी सैल कातडी उरली आहे. दोन डॉक्टरांनी तपासलं. दोघांनी बाहेरच्या रस्त्याचं ऑपरेशन शक्य असल्याचं सांगितलं, आणि दोघांनीही थायरॉइड आधी पूर्ण ताब्यात येऊ द्या म्हटलं. आपांनी अजून ठरवलेलं नाही. पण परवा गेलो तेव्हा निकाहचा अल्बम कपाटातून बाहेर आलेला होता आणि त्या शेजारणीला फोटो दाखवत बसल्या होत्या.